सोमवारपर्यंत थांबू नका, आजच कॅज्युअल्टीत जा

ताई, तुम्ही लिहिलंय की काल, शुक्रवारी संध्याकाळी सहाला, पेशंटची वापरलेली सुई तुम्हाला टोचली आणि इन्चार्ज सांगून राहिले की सोमवारी ऑफिस उघडलं की फॉर्म भरू, हे वाचून मी आधी बोटांवर तास मोजले. सोमवारी अकरापर्यंत ६५ होतात. एचआयव्हीची पीईपी, म्हणजे सुई टोचल्यावर लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ती शेवटची हद्द आहे बाप्पा, खरं तर दोन तासांत पहिला डोस पोटात गेलेला बरा. धंतोलीहून मेडिकल, आपलं नागपूरचं सरकारी हॉस्पिटल, किती दूर आहे? आजच निघा, कॅज्युअल्टीत सांगा, सरकारीत ही औषधं फुकट मिळतात. फॉर्म मागून भरता येतो. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, गोळ्या द्यायच्या की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी तुम्ही त्यांच्यासमोर तर पाहिजे नं.

साबणानं धुणं, बोट न पिळणं वगैरे तुम्हाला शिकवलंच असेल, त्यात जात नाही. मला महाग पडलं ते लेबल.

चौदा वर्षं झाली. सकाळच्या राउंडला तीन पेशंटचं रक्त काढलं आणि म्हटलं, टेबलावर जाऊन नावं टाकू. तिन्ही सिरिंज ट्रेमध्ये, एकीवरही नाव नाही. एकीला कॅप परत लावायला गेलो (हो, दोन्ही हातांनी, द्या शिव्या) आणि डाव्या अंगठ्यात घुसली. दचकून ट्रे कलंडला, सिरिंज इकडच्या तिकडे. ग्लोव्हच्या आत रक्त नखाकडं पसरत होतं आणि मी उभा राहून विचार करतोय की ही कोणाची होती.

मग ऑफिस. तिथल्या बाबूनं फॉर्म पुढं केला, त्यात 'रुग्णाचे नाव' असा एकच रकाना. मी म्हटलं तिघांपैकी कोणीतरी आहे, तिघांचीही तपासणी करा. तो म्हणे, तीन नावं चालत नाहीत, साहेबांना विचारावं लागेल. साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले तोपर्यंत दोघांना सुट्टी होऊन ते गावी गेले होते! त्या कागदावर सही नाही म्हणून मला औषधाला पाठवत नव्हते, शेवटी मीच उठून गेलो, आणि टोचल्यापासून पहिली गोळी गिळेपर्यंत २९ तास गेले. पुढं २८ दिवस मळमळ, घरी कोणी संत्रं सोललं तरी उठून बाहेर जायचो. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या. घरचे मुली पाहून राहिले होते आणि मी दर वेळी काही ना काही निमित्त काढायचो, आईला कारण कसं सांगणार? रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आले, पण ते सहा महिने मी त्या रकान्याच्या नावानं लिहून ठेवलेत.

तुमच्याकडं पेशंटचं नाव आहे, मग डॉक्टरांमार्फत संमती घेऊन त्यांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी आजच करवून घ्या. स्वतःचंही रक्त आजच तपासणीला द्या, नाहीतर उद्या काही निघालं तर 'हे आधीपासूनच होतं' म्हणायला लोक मोकळे.

आणि सगळे एचआयव्हीलाच घाबरतात. टोचल्यावर तो होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची मात्र शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. तिन्ही डोस झालेत का? माझे दोनच झाले होते, तिसरा राहून गेला होता. टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी, करून घ्या, आकडा १० च्या वर पाहिजे. लस झालीच नसेल तर कॅज्युअल्टीत हेही पहिल्याच वाक्यात सांगा, हिपॅटायटिस बीपासून वाचवणारं तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन शक्यतो २४ तासांत द्यावं लागतं, म्हणजे आज संध्याकाळी सहाच्या आत.

तुम्ही लिहिलं की सुयांचा पांढरा डबा तोंडापर्यंत भरला होता. तो पाऊण भरला की बंद करायचा असतो, त्यावरून मी आजही वॉर्डात भांडतो. जंतू मारायच्या हायपोक्लोराइटच्या पाण्याचंही तेच, नागपूरच्या मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलेली कालची बाटली म्हणजे जवळजवळ पाणीच समजा, रोज सकाळी ताजं बनवा. आणि नाव ट्यूबवर, पेशंटच्या खाटेपाशीच, झाकणावर नाही.

असो, हे सगळं नंतर वाचा. आधी ऑटो पकडा, इन्चार्जना रस्त्यातून फोन करा.