नवरा फील्डवर गेल्यापासून ९ वर्षांचा मुलगा फारच शहाण्यासारखा वागतोय. काळजी करावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची फील्ड पोस्टिंग (जिथे कुटुंब नेता येत नाही अशी सीमेकडची नेमणूक) आल्यापासून तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन कामठीच्या क्वार्टरमध्ये आहात. मोठा काही हट्ट करत नाही, धाकटीला सांभाळतो, पण बाबांचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात किती गुणी पोर, आणि तुम्हाला मात्र कुठेतरी खटकतंय.

बरोबर खटकतंय. मी तसाच गुणी पोर होतो.

माझे वडील लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमध्ये होते, तिचं केंद्र कामठीत, त्यामुळे आमचीही बरीच वर्षं कामठीतच गेली. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं तेव्हा मी १० वर्षांचा होतो आणि बाबांची पलटण काश्मीरमध्ये होती. निघताना बाबा म्हणाले होते, "आता घरातला मोठा माणूस तू." बोलणारा हे मायेनेच बोलतो, पण मी तो हुकूम समजलो. रात्री दोनदा उठून दाराची कडी बघायची, गॅस बंद आहे का ते बघायचं. कूलरच्या घरघरीत आई रडायची. मला ऐकू यायचं, आणि तिला ते कळू नये म्हणून मी घोरायचं सोंग करायचो. पत्रावर पत्ता असायचा फक्त '५६ एपीओ'. शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये मी ते गाव कितीतरी दिवस शोधलं. ते गाव नाही, लष्करी टपालाचा नंबर आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाने असलं काय विचारायचं?

त्यात १५ ऑगस्टला शाळेत बाईंनी मला स्टेजवर उभं केलं. "हा जवानाचा मुलगा, हा कधी रडत नाही!" टाळ्या झाल्या. पुढे जवळजवळ वर्षभर शाळेच्या वेळेलाच माझं पोट दुखायचं आणि डॉक्टरांना पोटात काही सापडायचं नाही.

म्हणून आधी एवढं करा. "शहाणं बाळ माझं" हे कौतुक जरा कमी करा आणि त्याच्याकडून घराचा चार्ज काढून घ्या. कडी मी लावते, धाकटीला मी बघते, तू खेळायला जा, असं सरळ सांगा. सुरुवातीला तो चिडेल. चिडू द्या, चिडलेलं पोर मला गप्प पोरापेक्षा बरं वाटतं.

दुसरी गोष्ट तुमची स्वतःची. अमेरिकेत सैनिकांच्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १५०० मुलांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. वडील किंवा आई जितके जास्त महिने मोहिमेवर, तितक्या मुलांच्या अडचणी जास्त, हे त्यात दिसलंच. पण घरी राहिलेल्या पालकाचं मन ठीक नसेल तरीही मुलं जास्त अडचणीत होती. त्यांच्या आणि आपल्या घरांत फरक पुष्कळ आहे, पण ही गोष्ट मला आमच्या कूलरमागूनच कळली होती. रडू आलं तर लपवू नका. "मला बाबांची आठवण येऊन राहिली" एवढं त्याच्यासमोर म्हणा, मग त्यालाही म्हणता येईल.

फोनवर न येणं म्हणजे प्रेम आटलं असं नाही. "अभ्यास करतो ना? आईला त्रास देत नाही ना?" या दोन प्रश्नांना पोरगं काय उत्तर देणार! बाबांना म्हणावं, त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव मांडा, रोज एक चाल. नेटवर्क नसेल तेव्हा डाव थांबेल, पण मोडणार नाही.

"बाबांना काही होणार तर नाही?" हा प्रश्न एक दिवस येईल. "काहीच होणार नाही" असं वचन देऊ नका, ते त्याला खोटं वाटेल. बाबा एकटे नाहीत, त्यांचं ट्रेनिंग झालंय, आणि कुठलीही बातमी आली तरी तुझ्यापासून लपवणार नाही, एवढं सांगा. टीव्ही मात्र बंद. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी वाहिन्या स्टुडिओतूनच सायरन वाजवत होत्या. सरकारला त्यांना थांबा म्हणावं लागलं. नऊ वर्षांच्या पोराला तो सायरन आपल्याच गल्लीत वाजल्यासारखा वाटतो.

वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा, आणि स्टेजवर उभं करू नका हेही सांगा. झोप उडाली, पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं, पोटदुखी दोन-तीन आठवडे थांबेना, तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवा. त्याने शेरा-बिरा लागत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांचा वेगळा कक्षही सुरू झाला.

आणि रजेबद्दल आत्ताच बोलून ठेवा, कारण आमच्या घरी खरी भांडणं बाबा आल्यावर व्हायची. तिसऱ्याच दिवशी ते माझ्या वह्या तपासायला बसायचे आणि मला वाटायचं, हा कोण पाहुणा? तुमच्या मिस्टरांना सांगा, पहिला आठवडा वह्या नकोत, रिमोट पोराकडेच राहू द्या, आणि सकाळी दूध आणायला त्याला सोबत न्या.