दहाही नाद ठेव, पण भादलीला खिडकीतून बघत जा

बेटा,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. कोरियन सिरियल, किल्ले, जुनी हिंदी गाणी, मध्येच ते अजिंठ्याचं वेड, आता म्हणे आजीची गुलाबाईची, आपल्या खानदेशी भोंडल्याची, गाणी पण जमवायचीत, आणि घरी सगळे म्हणून राह्यले की एक काहीतरी धर आणि बाकी टाइमपास सोड. आणि तू मला विचारते की मावशी यातलं कोणतं ठेवू. मी सांगते, काहीच सोडू नको. आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई असं सांगेल असं तुला वाटलं नसेल, पण खरंच सांगतेय. फक्त प्रत्येक नादाला एक छोटा प्रश्न जोड आणि त्याचं उत्तर शोधत कुठल्यातरी कागदापर्यंत, दगडापर्यंत नाहीतर जिवंत माणसापर्यंत जा. रील बघायचं आणि पुढे ढकलायचं, त्याला मी नाद म्हणत नाही, ते अंगठ्याचं काम झालं.

आणि त्यासाठी नोकरीतून सुट्टी काढायची गरज नाही. तू रोज भुसावळहून जळगावला पॅसेंजरनं जाते ना, मधे भादली लागतं. तिथे ५ मे १९१८ ला मालगाडीखाली सापडून बालकवी गेले, वय फक्त २७. हे तुला माहीत असेल, कारण हे सगळ्यांना माहीत असतं, आणि लोकांना पुढे त्यातच रस असतो, अपघात होता का अजून काही होतं, कोणी पाहिलं, कसं झालं. मला विचारशील तर तो प्रश्नच बाजूला ठेव. त्याऐवजी हे बघ की ज्या जळगावात तू रोज उतरतेस तिथेच १९०७ ला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन झालं, त्यात हा धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगा कविता म्हणायला उभा राहिला आणि बालकवी हे नाव त्याला तिथून मिळालं. सोळा-सतरा वर्षांचं पोर गं! म्हणजे नाव मिळालं ते गाव आणि जीव गेला ते स्टेशन, दोन्ही तुझ्या पासच्या हद्दीत. त्याची 'औदुंबर' कविता फक्त आठ ओळींची आहे, भादली यायच्या आत दोनदा वाचून होते. आधी ती वाच आणि मग खिडकीतून बाहेर बघ, रूळ बघायचे नाहीत, शेतं बघायची.

आता तुझ्या कोरियन सिरियल. आई त्यावरून रागावते ते मला माहिती आहे, माझ्याकडे येऊन पण बोलली, मी तिला शेवभाजी वाढली आणि विषय बदलला. मी स्वतः दोन बघितल्यात, ते राजेरजवाड्यांच्या काळातले, आणि मला आवडल्या, भले त्यांचा दरबारातला रुसवाफुगवा फार लांबतो. तर कोरियातली ती जोसन राजवट सुरू झाली १३९२ ला. आणि आपल्या खानदेशात फारुकी घराण्याचं स्वतंत्र राज्य धरतात १३८२ पासून, मलिक राजा थाळनेरला बसला तेव्हापासून. दहा वर्षांचं अंतर! तुझा तो आवडता सेजोंग राजा, ज्याने कोरियन लिपी आणली, त्याने ती १४४६ ला लोकांपुढे ठेवली, तेव्हा आपल्याकडे मिरान मुबारक राज्य करत होता, आणि तो १४५७ ला गेला आणि थाळनेरला त्याची कबर आहे, मलिक राजाची पण तिथेच आहे. तुला सेजोंगच्या मंत्र्यांची नावं पाठ आहेत आणि मुबारकचं नाव पण ऐकलेलं नाही, पण यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, उलट इथेच तुझा प्रश्न तयार होतो: त्यांच्यावर इतक्या सिरियल निघतात आणि आपल्या फारुकींवर एक पण का नाही?

एक कारण मला असं दिसतं. त्यांच्याकडे दरबारात इतिहास लिहिणारी माणसं नेमलेली असायची, रोजचं टिपून ठेवायची, आणि तो मसुदा बघायचा अधिकार राजाला पण नव्हता. राजा घोड्यावरून पडला तरी लिहून ठेवलं. आपल्या फारुकींचं जे कळतं ते बरंचसं फरिश्ता नावाच्या इतिहासकारासारख्या नंतरच्या, बाहेरच्या माणसाच्या लिखाणातून. अकबराने १६०१ ला त्यांचा आशीरगड किल्ला घेतला आणि ते राज्य संपलं. त्यामुळे आपल्याकडे तारखा आहेत, कबरी आहेत, पण राणी जेवताना काय बोलली ते नाही, आणि सिरियलला तेच लागतं. आता यापुढे जोसनची एखादी सिरियल बघताना तुझ्या डोक्यात हे चालू राहील बघ. आईला सांग, अभ्यास करून राह्यले. (ती मानणार नाही. पण सांग.)

अजिंठ्याचं तर तुझ्या गल्लीच्या जवळचं आहे. तिथली पारो आणि चित्रं उतरवायला आलेला इंग्रज रॉबर्ट गिल, त्यांची लव्हस्टोरी तुला पाठ आहे, तिच्यावर कविता झाली, सिनेमा झाला, रील तर विचारूच नको. पण हा गिल कुठे पुरलाय? आपल्या भुसावळात. १८७९ ला इथे येताना वाटेत गेला, इथल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात आहे. हे माहीत नसलेली माणसं तुझ्याच स्टाफमध्ये निघतील. आणि प्रेमकहाणीच्या नादात त्याचं कामच विसरलं जातं. १८४४ ला कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं, वर्षानुवर्षं तो त्या अंधारात मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवत बसला, ती चित्रं लंडनला गेली, आणि १८६६ ला तिकडे क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जेजे स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन १८७२ पासून परत सगळं सुरू केलं, तेरा वर्षं, आणि १८८५ ला त्यातली पण कितीतरी चित्रं आगीत गेली. दोनदा गं! मला पारोपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं, मग लोक मला कोरडी म्हणतात, म्हणू देत. तुझा प्रश्न असा ठेव की जळलेल्यातून वाचलं काय आणि ते आज कुठे आहे. हे फोनवर शोधता येतं, लंडनच्या म्युझियमचा कॅटलॉग सगळ्यांना खुला आहे.

जुन्या गाण्यांचं माझ्याकडून ऐक, कारण तो माझा नाद. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर गीतमाला, हिंदी गाण्यांचे नंबर लावणारा कार्यक्रम, आणि मी वही घेऊन बसायची, कोणतं गाणं कोणत्या पायदानवर, म्हणजे कितव्या नंबरवर, तारीख घालून. भाऊ हसायचे. आता लग्नकार्यात म्हातारे भांडतात की अमुक गाणं पहिलं आलं होतं का तमुक, तर वही काढते आणि भांडण मिटतं. काही वेळा अजून वाढतं. वहीला तारीख लाव एवढंच सांगायचंय. कोणी सांगितलं, कुठे वाचलं, कधी, हे तीन शब्दात का होईना पण लिही, नाहीतर वर्षभराने तुझंच लिहिलेलं तुला अफवा वाटेल.

आणि सगळ्यात आधी कर ते आजीचं. बाकी सगळं थांबू शकतं, कबरी कुठे जात नाहीत, आजी थांबणार नाही हे तुला कळतंय, म्हणूनच तू तो विषय मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी टाकला. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते, तेव्हा मुद्दाम तिच्याजवळ बस. फोन रेकॉर्डिंगवर टाकून समोर धरू नको, ती लाजून शुद्ध पुस्तकी बोलायला लागेल आणि मग काही हाती लागणार नाही. तिला आधी विचार की रेकॉर्ड करू का, हो म्हणाली की फोन भाजीच्या टोपलीजवळ ठेवून दे आणि तिच्याबरोबर भाजी निवड. गाणं संपलं की लगेच पुढचं मागू नको, हे कोणाकडून शिकली ते विचार. माहेरचं का सासरचं, तुमच्या वेळी खिरापत ओळखायचा खेळ कसा चालायचा, कोणत्या घरची खिरापत कधीच ओळखू यायची नाही. गाण्याइतकंच ते पण हवंय. आणि लेवा बोलीत ती जसं म्हणते तसंच लिही, सुधारू नको. बहिणाबाई निरक्षर होत्या, ओव्या म्हणायच्या आणि घरच्या माणसांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. त्या १९५१ ला गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. आसोद्याच्या त्या बाईला आपलं पुस्तक बघायला पण मिळालं नाही.

इंटरनेटवर टाकायचं का हे नंतर ठरव. घाई नाही. आजीने फक्त तुझ्यासाठी म्हटलं असेल तर ते तुझ्याजवळच राहू दे.

घरच्यांशी वाद घालत बसू नको, पगार वेळेवर घरी दे, रात्री दोनपर्यंत जागू नको, सकाळची गाडी चुकते आणि मग सगळा दोष सिरियलवर येतो. कधी धुळ्याला जाणं झालं तर राजवाडे संशोधन मंडळात डोकाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं जमवायचे, त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, पहिला १८९८ ला. शेवटी १९२६ ला धुळ्यातच गेले. तिथे जाशील तेव्हा आपला प्रश्न कागदावर लिहून घेऊन जा, नुसतं बघायला आले म्हटलं की माणसं पण नुसतंच दाखवतात.

थाळनेरला मी येते तुझ्याबरोबर, दिवाळीनंतर, ऊन उतरलं की. चोपड्यावरून शिरपूरकडे जाताना लागतं, तापीच्या काठावर. गुडघे माझे धड नाहीत तर वर तू चढ, मी कबरींजवळ थांबेन. दशम्या आणि ठेचा मी आणते, पाण्याच्या बाटल्या तुझ्याकडे, आणि मुबारकची कबर त्यातली कोणती ते यायच्या आधी शोधून ठेव.

तुझी
मावशी