मेकॅनिकलच्या मुलीला ‘इंजिनिअरांचे’ ग्राफिक्स कार्ड हवेच का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पुढे प्रॉडक्ट डिझाइनमध्ये जायचे आहे आणि घरी असेंबल्ड कॉम्प्युटर घेण्यासाठी आपण ऐंशी हजार रुपये बाजूला काढले आहेत, असे आपण कळवले आहे. नागपुरातील बर्डीवरच्या दुकानदाराने ‘इंजिनिअरिंग म्हटले की वर्कस्टेशन कार्डच’ (म्हणजे व्यावसायिक डिझाइनसाठीचे ग्राफिक्स कार्ड) असे सांगून एनव्हिडियाचे ६ जीबीचे आरटीएक्स ए२००० सुचवले. आपल्या पुतण्याने मात्र त्याहून पंधरा हजारांनी स्वस्त असलेले १२ जीबीचे, गेमसाठीचे आरटीएक्स ३०६० घ्यायला सांगितले. पुतण्या गेम खेळतो, त्यामुळे त्याच्या शब्दावर आपला भरवसा बसेना, आणि ‘स्वस्तातले कार्ड घेऊन मुलीच्या करिअरचे नुकसान तर होणार नाही ना’ अशी शंका आपण विचारली आहे.

नुकसान होणार नाही. या वेळी पुतण्याचे म्हणणे घ्यावे, असे माझे मत आहे. तथापि दुकानदारही अगदीच निराधार बोललेला नाही, म्हणून दोन्ही कार्डे जरा उघडून पाहू.

ही दोन्ही कार्डे २०२१ मध्ये बाजारात आली आणि दोन्हींच्या आत जीए१०६ नावाची एकच चिप आहे. तिच्यातील गणना करणारे कोअर ए२००० मध्ये ३,३२८ चालू ठेवलेले आहेत, तर ३०६० मध्ये ३,५८४. मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला २८८ जीबी, दुसऱ्यात ३६० जीबी. पहिले कार्ड ७० वॅटमध्ये भागवते, दुसऱ्याला १७० वॅट लागतात, आणि या जादा विजेच्या बळावर ते अधिक वेगाने धावते. म्हणजे निव्वळ ताकदीत स्वस्त कार्डच वरचढ आहे, आणि त्याची मेमरीही दुप्पट आहे. अचूक आकडेमोडीसाठी वर्कस्टेशन कार्ड हवे, असाही एक समज आहे. तो काही मोजक्या, अतिशय महागड्या कार्डांपुरता खरा आहे. या दोन कार्डांत मात्र दुहेरी अचूकतेच्या, म्हणजे अधिक अंकांपर्यंत केलेल्या, गणनेचा वेग साध्या गणनेच्या चौसष्टाव्या भागाइतकाच ठेवलेला आहे.

मग जादा पंधरा हजार कशाचे? मुख्यतः हमीचे. ए२००० च्या मेमरीत ईसीसी, म्हणजे एखादा बिट चुकून उलटला तर तो ओळखून दुरुस्त करण्याची सोय आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सॉलिडवर्क्स, कॅटिया यांसारख्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपन्या अशा कार्डांची त्यांच्या ड्रायव्हरसह (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसह) चाचणी घेऊन ती प्रमाणित करतात, आणि काही बिघडले तर ‘तुमचे कार्ड आमच्या यादीत नाही’ असे म्हणून ग्राहकाला परत पाठवू शकत नाहीत. हजारो भागांची असेंब्ली (जोडलेली रचना) पडद्यावर दिवसभर फिरवणाऱ्या, एक दिवस काम थांबले तर मोठा तोटा सोसणाऱ्या कारखान्यासाठी ही हमी स्वस्तच म्हणावी लागेल. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात दसॉ या फ्रेंच कंपनीच्या फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, आणि कॅटिया हे सॉफ्टवेअरही मुळात १९७७ मध्ये दसॉ विमान कंपनीतच जन्माला आले. अशा ठिकाणी कोणी प्रमाणित नसलेले कार्ड वापरा म्हणणार नाही. पण तेथे ते कार्ड कंपनी विकत घेते. नोकरीला लागलेली मुलगी घरचा कॉम्प्युटर घेऊन कामावर जात नाही, आणि मुलाखतीत आजवर कोणी कोणाला घरचे कार्ड कोणते, असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

विद्यार्थिनीला जाणवेल असा एक तोटा मात्र सांगितला पाहिजे. सॉलिडवर्क्समध्ये रिअलव्ह्यू नावाची सोय आहे, जिच्यामुळे काम चालू असतानाच पडद्यावरील भागावर खऱ्या धातूसारखी चमक आणि सावली दिसते. ती केवळ मान्यताप्राप्त कार्डांवर चालते आणि ३०६० वर तिचे बटण मंद, निरुपयोगी दिसेल. कन्येने ते पाहून ‘कार्ड खराब आहे’ असे समजू नये. भाग तयार करणे, जोडणे, ड्रॉइंग काढणे यांपैकी काहीही त्यामुळे अडत नाही, आणि सादरीकरणासाठी चित्र हवे असेल तर ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते अधिक देखणे निघते. तेथे १२ जीबी मेमरीचा खरा उपयोग होतो, कारण संपूर्ण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले नाही तर रेंडरिंग, म्हणजे अंतिम चित्र तयार होणे, एक तर रखडते किंवा बंदच पडते.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, ती म्हणजे प्रोसेसर. सॉलिडवर्क्समध्ये एखादे माप बदलल्यावर पूर्ण भाग नव्याने रचला जातो, ते काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. तेथे दोन्ही ग्राफिक्स कार्डे नुसती बघत बसतात. ॲन्सिस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील ताणाची गणिते मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतात. ऑटोकॅडच्या द्विमितीय ड्रॉइंगला तर यांपैकी कोणतेच कार्ड लागणार नाही. तेव्हा वाचलेल्या पंधरा हजारांतून प्रोसेसर एक पायरी वरचा घ्यावा आणि रॅम १६ ऐवजी ३२ जीबी करावी. दुसऱ्या वर्षापासून शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत तिला रोज जाणवेल असा फरक तेथे पडेल.

ए२००० च्या बाजूने एक मुद्दा मला नागपूरकर म्हणून मांडावासा वाटतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खोलीत कूलर चालू असतो, आणि त्याची दमट, धुळीची हवा कॅबिनेटमध्ये शिरते. अशा खोलीत १०० वॅटची जादा उष्णता ही किरकोळ बाब नाही. शिवाय ए२००० ला वेगळी वीजजोडणी लागत नाही, ते मदरबोर्डवरूनच वीज घेते. ३०६० साठी मात्र ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) घ्यावा लागेल, आणि बिनानावाचा स्वस्त एसएमपीएस बसवून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा लागेल. घरचा लहान यूपीएस इतका भार पेलेल का, हेही आधी पाहावे, कारण रेंडरिंग चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर फाइल जतन करण्याइतकाही अवधी मिळणार नाही. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आतील धूळ काढावी. एवढे जमण्यासारखे नसेल, किंवा खोली अगदीच कोंदट असेल, तर ए२००० घेणे हा चुकीचा निर्णय ठरणार नाही. त्याला एचडीएमआय नाही, चारही जोडण्या मिनी डिस्प्लेपोर्टच्या आहेत. त्यामुळे आपल्या मॉनिटरसाठी अडॅप्टर मागून घ्यावा.

खरेदीच्या वेळी खोका नीट वाचावा. आरटीएक्स ३०६० याच नावाने ८ जीबीचीही आवृत्ती आहे आणि तिच्या मेमरीचा मार्ग १९२ ऐवजी १२८ बिटचा, म्हणजे अरुंद आहे. आपल्याला ती नको. वापरलेले कार्ड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून ते मिळवणे) थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली, आणि बाहेरून पुसलेल्या कार्डाचा पूर्वेतिहास आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. कार्ड बसवल्यावर कन्येने गेमसाठीच्या ड्रायव्हरऐवजी एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा. तो मोफत आहे आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासूनच दिला जातो.

आणखी एक. आपल्या पत्रात दुकानदाराचे मत आहे, पुतण्याचे मत आहे, कन्येचे मात्र कोठेच नाही. पैसे देण्यापूर्वी तिला कॉलेजच्या लॅबमध्ये आजवरची आपली सर्वांत मोठी असेंब्ली उघडायला सांगावे, शेजारी टास्क मॅनेजर चालू ठेवून प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी आधी काय भरते ते तिने वहीत टिपावे, आणि ती वही घेऊन बर्डीवर आपल्यासोबत तिलाच बोलू द्यावे.

कळावे.