स्टेटस दिसलं की फोन लावा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं मोबाइलवरच्या घातक ट्रेंड्सबद्दल आणि त्यात अडकलेल्या आपल्या माणसांबद्दल आहेत. हे वाचणाऱ्या कुणाच्या स्वतःच्याच मनात जीव संपवण्याचे विचार असतील, तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की मुलांना जीव द्यायला लावणारा नवा गेम आलाय, सगळ्या पालकांना कळवा. माझा मुलगा सातवीत आहे. त्याला सावध करू की फोनच काढून घेऊ?
— एक आई, सातारा

मेसेज पुढे पाठवू नका. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ने देशभर घबराट उडवली होती. तज्ज्ञांच्या समितीने तपासलेल्या घटनांमध्ये त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही, असं सरकारने पुढे संसदेत सांगितलं. ‘मोमो’ नावाच्या अशाच आव्हानाचा भेसूर चेहरा जपानमधल्या एका शिल्पाचा होता. २०१९ मध्ये त्या अफवेचा धुरळा उडाला, तेव्हा ब्रिटनमधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनीच ती खोटी असल्याचं सांगितलं. अशा मेसेजमुळे एकच होतं: ज्या मुलांनी ते नावही ऐकलेलं नसतं, ती ते शोधायला लागतात.

याचा अर्थ धोका नाही असा नाही. श्वासाशी किंवा औषधांच्या गोळ्यांशी खेळायला लावणारी आव्हानं खरोखर फिरतात, आणि मुलांशी गोड बोलून त्यांना घरापासून तोडणारी अनोळखी माणसंही असतात. म्हणून गेमचं नाव न घेता विचारा: “सध्या तुमच्या वर्गात कसले व्हिडिओ फिरतायत? कुणी ‘करून दाखव’ म्हणालं तर तुम्ही काय करता?” आणि एक नियम पक्का करा. “घरी सांगू नकोस” असं कुणीही म्हणालं, की त्याच दिवशी घरी सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. हा शब्द तुम्ही पाळलाच पाहिजे. फोन जाईल या भीतीनेच मुलं सगळ्यात जास्त लपवतात.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या इन्स्टाग्रामवर एकामागून एक निराशेच्या, स्वतःला इजा करण्याच्या पोस्ट येतात. तिच्या हातावर खुणा दिसल्या. मी ओरडले, तेव्हापासून ती बोलत नाही.
— एक आई, सांगली

आधी आज संध्याकाळचं. तिच्या खोलीत जा, शेजारी बसा आणि म्हणा, “मी घाबरले होते म्हणून ओरडले. मला खुणांचा राग आलेला नाही. तुला काय सोसावं लागतंय ते ऐकायचंय.” एवढं बोलून गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. “तुला काय कमी आहे?”, “लोक काय म्हणतील?”, “पुन्हा करणार नाही अशी शपथ घे” ही तीन वाक्यं टाळा. शपथेने इजा थांबत नाही, फक्त ती लपवली जाते. स्वतःला इजा करणाऱ्या बहुतेक मुलांना असह्य झालेली भावना थोडा वेळ तरी शमवायची असते. ‘लक्ष वेधायला करते’ असं म्हटलं की ती मुलं आणखी एकटी पडतात.

मरायची इच्छा नसतानाही इजा केली जाते, पण ते गृहीत धरू नका. स्पष्ट विचारा: “जगूच नये असं वाटतं का?” विचारल्याने हा विचार मनात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा तिने गोळ्या घेतल्याची शंका असेल, तर ती ‘बरी दिसतेय’ म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. एरवीही या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. घरातल्या औषधांचा साठा, धारदार वस्तू आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा, किल्ली स्वतःकडे ठेवा. तीव्र आवेग बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं, तर जीव वाचतो.

आता फीड, म्हणजे ॲप तिच्यासमोर आणतं त्या पोस्ट. एखाद्या दुःखी पोस्टवर ती काही सेकंद जास्त थांबली, की ॲप तेवढ्यावरून आवड ठरवतं आणि तसंच आणखी दाखवतं. लाइक करायचीही गरज नसते. लंडनमधली चौदा वर्षांची मॉली रसेल २०१७ मध्ये गेली. २०२२ मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी अशा मजकुराचा तिच्या मृत्यूला हातभार लागल्याचा निष्कर्ष काढला. म्हणून फीड बदलणं हे किरकोळ काम समजू नका. ते तिच्यासोबत बसून करा, तिच्या पाठीमागे नको. सेटिंग्जमध्ये ‘कंटेंट प्रेफरन्सेस’ या भागात सुचवलेला मजकूर रीसेट करण्याची सोय आहे. एकदा रीसेट केलं की ते मागे घेता येत नाही, हे तिला आधी सांगा. पुढचे काही दिवस अशी पोस्ट आली की तीन ठिपके दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’ निवडायचं. नुसतं वर सरकवणं पुरत नाही. इजेबद्दल पोस्ट करणारी खाती अनफॉलो करायची. तिथल्या एखाद्या मैत्रिणीशी ती मनातलं बोलत असेल, तर ते नातं एका फटक्यात तोडू नका, कारण कदाचित तिला तेवढाच आधार असेल. रात्री घरातले सगळेच फोन, तुमचासुद्धा, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा.

कॉलेजमधल्या मित्राने रात्री एकला स्टोरी टाकली: ‘सगळ्यांना माफ केलं, आता भेट नाही.’ सकाळी म्हणाला, मजा केली. पुन्हा असं झालं तर नेमकं काय करायचं?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

मजा केली असं समजून विषय सोडू नका. आज त्याला भेटा आणि पुढचं सगळं आजच विचारा.

पुन्हा तशी पोस्ट दिसली, तर खाली कमेंट करू नका, मेसेज टाकून उत्तराची वाट बघू नका. फोन लावा. उचलला तर पहिला प्रश्न: “आत्ता कुठे आहेस, सोबत कोण आहे?” दुसरा: “जीव द्यायचा विचार मनात आहे का?” ‘वेडंवाकडं काही करू नकोस’ अशा शब्दांत विचारलं की समोरचा ‘नाही रे’ म्हणून सुटतो. तो ‘हो’ म्हणाला तर आणखी तीन गोष्टी विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, साधन जवळ आहे का, कधी. तिन्हींची उत्तरं तयार असतील, तर तो अत्यंत धोक्यात आहे. त्याला एका क्षणासाठीही एकटं सोडू नका. तुम्ही लांब असाल तर फोन चालू ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या रूममेटला, वसतिगृहाच्या रेक्टरना किंवा शेजाऱ्यांना त्याच्याकडे पाठवायला सांगा. पत्ता देऊन ११२ ला कळवा. काही करून बसला असेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

फोन उचलला नाही तरी हीच साखळी सुरू करा. सोबत पोस्टच्या तीन ठिपक्यांतून आत्महत्येचा पर्याय निवडून रिपोर्ट करा. रिपोर्ट कुणी केला ते त्याला कळत नाही, आणि ॲपकडून त्याला मदतीची माहिती जाते. पण रिपोर्ट करून झोपी जाऊ नका, कारण त्यावरून घरी कुणी पोहोचेलच असं नाही. त्या स्टोरीचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हा क्रूरपणा आहे. तो फक्त मदतीला जाणाऱ्यांना दाखवा.

“कुणाला सांगू नकोस” असं तो म्हणेल. त्यावर म्हणा, “हे मी पोटात ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते मात्र आपण मिळून ठरवू.”

पोलीस केस होईल या भीतीने अनेक घरं रुग्णालय टाळतात आणि मौल्यवान तास घालवतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं, तिला शिक्षा होत नाही आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतं, एवढंच.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने नाजूक असतात, आणि नेमकं तेव्हाच मित्र पांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचा चेन्नईसह पाच ठिकाणी झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्यांशी एकदा नीट बोलून पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट एवढाच संपर्क ठेवला होता. ज्यांच्याशी तो ठेवला गेला त्यांच्यात आत्महत्येने होणारे मृत्यू कमी होते. तुम्ही दर रविवारी फोन करू शकता. तो ठरलेल्या दिवशी व्हायला हवा, आणि “जेवलास का, झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का” एवढंच विचारलं तरी चालेल. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून मधेच बंद केल्या की त्रास उलटतो. सुरुवातीला तरुण रुग्णाची बेचैनी वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एकोणीस वर्षांच्या भावाला अनोळखी व्हिडिओ कॉल आला. आता रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवू म्हणून पैसे मागतायत. दोनदा दिलेत. तो जेवत नाही.
— एक बहीण, पनवेल

आज रात्री त्याच्या खोलीत झोपा. या फसवणुकीत पहिले काही दिवस सगळ्यात घातक असतात, कारण लाज आणि घाई एकदम अंगावर येते. त्याला सांगा की गुन्हा समोरच्यांनी केलाय.

आणखी एक रुपयाही देऊ नका. पैसे दिले की मागणी वाढतेच. नंतर ‘सायबर पोलीस’ म्हणून येणारा फोनही त्याच टोळीचा असू शकतो. काहीही डिलीट करण्याआधी चॅट, नंबर, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. तक्रार लवकर झाली तर पुढच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करा. खातं प्रायव्हेट करून मित्रयादी लपवा. व्हिडिओ पसरू नये म्हणून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. व्हिडिओ फोनमधून बाहेर जात नाही. फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी ॲप्सना मिळतो आणि त्यावरून ती तो अडवतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८.

मुलगा अमेरिकेत शिकतो. फोनवर ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतो. इथून काय करता येईल?
— एक वडील, पुणे

त्याच्या रूममेटचा नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता आजच लिहून ठेवा. तिथला मानसिक संकटासाठीचा नंबर ९८८ आहे. तो फोनने किंवा मेसेजने त्याने स्वतः वापरायचा. जीव धोक्यात असेल तर तिथे ९११. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ घ्यायला त्याला सांगा. आणि मार्कांऐवजी झोपेबद्दल विचारा: किती वाजता झोपतोस, मधेच जाग येते का, सकाळी उठवतं का? ‘ठीक आहे’ म्हणणारी मुलंही झोपेबद्दल बहुतेकदा खरं बोलतात.