अप्पांना आधी ऐकू तर येऊ द्या

प्रश्न : अप्पांनी सोलापुरात जन्मभर यंत्रमाग चालवला. आम्हा दोघी बहिणींच्या फीसाठी जोडपाळ्या केल्या. मी आता पुण्यात नोकरीला आहे. तीन महिन्यांनी त्यांची सत्तरी, कार्यालय घेऊन सत्कार करायचाय, भाषणही लिहिलंय. पण फोनवर मनातलं बोलायला गेलं की ते ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात. त्यांना हे आवडेल का?

उत्तर : ताई, ते ‘बरं बरं’ लाजण्याचं असेल, पण मला आधी शंका येते ती कानाची. आवाज रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर गेला की कानाला धोका, आणि धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या) मागांची शेड सहसा त्याच्या पुढेच असते. अशा कानातून आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, त, क ही व्यंजनं त्याच पट्ट्यातली. म्हणून माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ‘फी’ की ‘घी’ हे तो तोंडाकडे बघून ताडतो. फोनवर तोंड दिसत नाही, मग फोन आईकडे जातो. ओरडून उपयोग नाही, त्यानं स्वर तेवढे फुगतात.

या महिन्यातच त्यांना सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात न्या. आधी मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी. गेलेलं ऐकू परत येत नाही, पण कानाच्या मशीननं संभाषण पुष्कळ सुधारतं. घेताना चाचणीसाठी काही दिवस घरी द्या म्हणा, आणि दोन्ही कान अधू असतील तर शक्यतो दोन्हीकडे लावा. स्वस्तातलं नुसतं आवाज वाढवणारं यंत्र नको. सुरुवातीला शांत खोलीत दोन-तीन तास, मग हळूहळू वेळ वाढवायची. भांड्यांचा, पंख्याचा आवाज पहिल्यांदा टोचतो, आणि ‘डोकं उठतं’ म्हणून बहुतेक मशिनं इथेच कपाटात जातात. सवयीला महिना-दीड महिना लागतो. मशीन बटणसेलवर चालणारं असेल तर नव्या सेलचा स्टिकर काढून त्याला मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन कोरड्या डबीत.

कार्यालयाचं म्हणाल तर माझं मन घेत नाही. घुमणारा हॉल आणि लाऊडस्पीकर अशा कानाला सर्वांत वाईट, तुमचं भाषण सगळ्यांना कळेल आणि नेमकं अप्पांना नाही. घरीच दहा-बारा माणसं बोलवा. टीव्ही बंद, उजेड तुमच्या तोंडावर, हातभर अंतरावर समोर बसा. ‘तुमचे खूप उपकार’ असं मोघम नको. कुठल्या वर्षाची फी, कुठल्या जोडपाळीतून, दुसऱ्या दिवशी ते कसे कामावर गेले ते सांगा. आईला विचारलंत तर तुम्हाला माहीत नसलेलंही निघेल. आणि भाषण मोठ्या अक्षरांत छापून आदल्या दिवशीच त्यांच्या हातात द्या, म्हणजे एखादं वाक्य निसटलं तरी कागदावर आहेच.