पुण्याच्या वाघोलीसारख्या वाढत्या उपनगरात टिकाऊ नवं शहर वसवायचं तर आराखड्याची सुरुवात कुठून करावी?

पाण्यापासून, रस्ते आणि इमारती त्यानंतर. केंद्राच्या मानकाप्रमाणे माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे 1 लाख वस्तीला रोज 1 कोटी 35 लाख लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते शुद्ध करून फ्लश आणि बागांना द्यायचं असेल तर घराघरात दुसरी पाइपलाइन पहिल्या दिवसापासूनच हवी. नंतर भिंती फोडून ती कोणी टाकत नाही, टँकर मात्र लागतातच!

दुसरं, ओढे नकाशावर आधी काढा, प्लॉट मग. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याकाठी रुंद हिरवा पट्टा सोडला की पूर जिरतो आणि चालायला, सायकलला वाटही मिळते. बसथांबा घरापासून पाच-सात मिनिटांत, शाळा-दवाखाना-मंडई चालत जाण्याच्या टप्प्यात, एवढं जमलं तर गाड्या आपोआप कमी निघतात.

जमिनीसाठी पुण्यातल्याच मगरपट्टा सिटी या वसाहतीचं उदाहरण पाहा: शेतकऱ्यांनी जमीन विकून न टाकता एकत्र आणली आणि भागधारक झाले. पण एक लक्षात घ्या, तिथे बहुतेक जमीन एकमेकांच्या नात्यागोत्यातली होती. तुमच्याकडे शेकडो अनोळखी मालक असतील तर महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातली नगररचना योजना हाच व्यवहार्य मार्ग: सगळ्यांची जमीन एकत्र धरून रस्ते-बागांसाठी भाग काढायचा आणि उरलेले आखीव प्लॉट मालकांना परत द्यायचे. तिला वेळ लागतो.