लघवी केशरी झाली म्हणून गोळ्या सोडल्या

टीबीच्या गोळ्या सुरू होऊन चौथ्या दिवशी लघवी केशरी दिसली आणि काकांनी परस्पर गोळ्या बंद केल्या. वय 54, वजन 46 किलो, जुनी शुगर, संध्याकाळी ‘थोडीशी’ घ्यायची सवय. आठवड्याने मुलगी त्यांना समुपदेशनाला घेऊन आली. “ताई, या गोळ्यांनी लिव्हर जातं म्हणे. ही कावीळच ना?”

कावीळ नव्हती. गोळीतल्या रिफाम्पिसिनचा रंगच विटकरी. लघवी, घाम, अश्रूसुद्धा केशरी होतात. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, आणि बऱ्याचदा त्याआधीच अन्नावरची वासना उडते, मळमळतं, ओकाऱ्या होतात. काकांचे डोळे स्वच्छ होते, जेवणही नीट चाललं होतं.

भीती मात्र अगदीच निराधार नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. दारू, उतारवय, खंगलेलं शरीर, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही असेल तर धोका वाढतो. काकांची दारू म्हणूनच डॉक्टरांच्या कानावर घातली. एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी झाली, ती ठीक निघाली. ओकाऱ्यांसारखा त्रास असून एएलटी (याच तपासणीत मोजतात ते यकृताचं एन्झाइम) नेहमीच्या कमाल पातळीच्या तिप्पट, किंवा त्रास नसतानाही पाचपट झाली, तर डॉक्टर ही औषधं थांबवतात. आकडे उतरले की एकेक करून पुन्हा सुरू करतात. घरी असली काटछाट करू नये. एका गोळीत ही तीन आणि आणखी एक, अशी चारही औषधं असतात. अर्धीच घेतली तर चारही कमी पडतात आणि जंतू औषधाला दाद देईनासा होतो. 46 किलोला रोज 3 गोळ्या, त्याही एकदम.

शुगरचा मुद्दा काकांना ठाऊकच नव्हता. आयसोनियाझिडने शरीरातलं बी6 जीवनसत्त्व घटतं, तळपायांना मुंग्या येतात. मधुमेही, दारू पिणारे, गरोदर बायका यांना जास्त. त्यासाठी पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी6चीच, 10 मिलिग्रॅमची गोळी रोज. शिवाय रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून साखर वरचेवर तपासायची. (गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच होतं, आणि बायकांना हे क्वचितच कुणी सांगतं.)

चौथं औषध इथॅम्ब्युटॉल. ते नजरेवर येऊ शकतं; मूत्रपिंड कमजोर असेल तर अधिकच. एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायचं. अक्षर धूसर वाटलं किंवा लाल-हिरवा ओळखू येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

“रविवारी तरी थोडी?” काकांनी जाताना विचारलंच. सहा महिने एक थेंबही नाही, असं सांगितल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली. बुडालेले डोस डॉक्टरांनी पुढे वाढवून दिले.